पाचवं प्रकरण

आमच्या बावड्याच्या वाचनालयात टेबलाच्या डाव्या हाताला एक लांबट वही आहे. पुठ्ठ्यावर मी स्केचपेननं लिहिलंय : 'पिच्चर व्हावा अशी पुस्तकं'. पुस्तक परत करताना सभासदाला वाटलं की ह्याच्यावर पिच्चर निघाला पाहिजे, तर त्यानं ह्या वहीत नाव लिहायचं, असा नियम मी एकवीस वर्षांपूर्वी काढला. नियम कोण पाळतंय? एकवीस वर्षांत सदतीस नावं, त्यातली बावीस माझ्याच अक्षरात. एका बहाद्दरानं तर पंचांग लिहून ठेवलंय. वर मलाच विचारतो, "का, ग्रहणं न्हाईत व्हय त्यात?" अशा लोकांत मी उभा जन्म काढला.

पहिलं नाव मात्र वही उघडली त्या दिवसापासून एकच होतं. 'पाण्याखालचं जातं', लेखक रामहरीतात्या. महिन्यापूर्वी ते मी खोडलं. का खोडलं, ते ह्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहितोय. मी जोतीराम, इथला ग्रंथपाल. मूळचा सणसरचा, नोकरीपायी बावड्याचा झालो. हे आधी सांगतो, कारण मी इथला असतो तर पुढचं काही झालं नसतं.

तात्या साखर कारखान्यात टाइमकीपर होते. वरच्या अंगाला धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि ती माणसं आमच्याकडं येऊन वसली. तीस वर्षांपूर्वी तात्यांनी ह्यावर कादंबरी लिहिली, बारामतीच्या एका छापखान्यातून पदरमोड करून तीनशे प्रती काढल्या. त्यातल्या दोनशेच्या वर त्यांच्या माळ्यावरच राहिल्या. गावानं वाचली नाही. लोक म्हणायचे, "आमी सोसलंय ते, वाचायचं काय त्यात?"

पण मी वाचली, अकरा वेळा. पाणी चढत येतंय, लोक बैलगाडीत संसार भरून वर हलवताहेत, आणि पाचव्या प्रकरणात एक बाई, चार पोरींची आई, शेवटच्या खेपेला सगळ्यात धाकटीला जात्यापाशी बसवते. "जातं सांभाळ, मी आलेच," म्हणते. आणि मुद्दाम येत नाही. एवढंच. ते वाचून पहिल्यांदा मी दोन दिवस जेवलो नव्हतो. पुढं जो भेटेल त्याला सांगायचो, "बाकीचं ऱ्हाऊ दे, पाचवं वाच. आन् मग सांग पिच्चर व्हावा का नको." तात्यांनाही सांगायचो, "तात्या, पाचवं एक नंबर!" ते नुसती मान हलवायचे.

दोन वर्षांपूर्वी तात्यांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बारामतीला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. माणूस वाळून काटकुळा झाला, पण एकच म्हणायचा, "जोतीराम, एकदा पडद्यावर नाव बघू दे. मग मी मोकळा."

म्हणून मी नसता उद्योग केला. बारामतीला एका कॉलेजात कार्यक्रम होता, 'पडद्यावर यावीत अशी पुस्तकं'. व्यासपीठावर तिघंजण बसून तीच ती पुस्तकं सांगत होते. एक तासभर दम धरला, मग वही काखेत मारून उभाच राहिलो. म्हटलं, "साहेब, ही सगळी पुस्तकं आधीच मोठी झालेली आहेत. त्यांना पिच्चरची काय गरज? ज्याच्या दोनशे प्रती माळ्यावर घुशी खाताहेत, त्याचं बोला की." लोक हसले. आयोजकानं माईक काढून घेतला. पण चहाच्या वेळी एक तिशीची मुलगी माझ्याकडं आली. राजलक्ष्मी तिचं नाव, पुण्याची, दोन छोटे पिच्चर केलेली. म्हणाली, "काका, ते पुस्तक मला द्याल?"

तिसऱ्या दिवशी तिचा फोन. रात्रीत वाचलं म्हणाली. आणि आठवड्यात बावड्यात हजर.

तात्यांच्या ओसरीवर आम्ही तिघं बसलो होतो. तिनं विचारलं, "हे घरातलंच आहे ना?"

तात्या म्हणाले, "थोडं थोडं. जातं ताईचं, गाडी ताईची. बाकीचं रचलेलं."

"मग त्यांची संमती लागेल. कागदावर."

"ताई अडाणी हाय. अंगठा देईल. वाचून दाखवायची काय गरज न्हाय."

"नाही सर, त्यांना आधी माहीत हवं. त्याशिवाय मी पिच्चर करणार नाही."

तात्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं डायलिसिसचा दिवस जवळ आलाय म्हणून. आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या माणसाला काहीच कळत नसतं.

ताई म्हणजे ठमाबाई. आम्ही सगळे ठमाआक्काच म्हणतो. तात्यांपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, त्र्याहत्तरच्या. नवरा केव्हाच गेला. मुलगा सुयोग डाळिंबाची बाग बघतो, सून अनिता आणि तीन वर्षांची नात छकुली. छकुली जागी असली की आक्काच्या कडेवर, झोपली की मांडीवर. आम्ही सगळं सांगितल्यावर आक्का हरखून गेल्या.

"माझ्या भावानं पुस्तक लिवलं, आन् मी त्यातला येक सबुद ऐकला न्हाय. आता अंगठा पायजे म्हंता. देते की! पण आदी ऐकीन. आन् आसं तसं न्हाय, पोथी ऐकत्यात तसं. मारुतीच्या देवळात, सात दिस, नारळ फोडून. जोतीराम, श्रावणात तूच वाचतोस न्हवं पोथी? मग हीबी तूच वाच."

मला काय, माकडाच्या हातात कोलीत. तीस वर्षं ज्या पुस्तकाचा डांगोरा पिटला ते गावाला बसवून ऐकवायचं! मी सात भाग पाडले. चौरंग मांडला, पुस्तकाला हळदकुंकू लावलं, आक्कांनी स्वतः नारळ वाढवला. पहिल्या दिवशी चाळीस माणसं, चौथ्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नाही. आक्का पुढं, खांबाला टेकून, मांडीवर छकुली. जुन्या गावाची वेस आली, पार आला, की त्या शेजारणीला कोपरानं ढोसायच्या, "बग, आपला पार!" त्या चार दिवसांत त्यांच्यासारखं सुखी माणूस इंदापूर तालुक्यात नसेल.

चौथ्या दिवशी वाचन झाल्यावर, त्या आठवड्यात बारामतीच्या दवाखान्यातच ठेवलेल्या तात्यांचा फोन आला.

"उद्या पाचवं सोडून दे."

"काय बोलताय तात्या! पोथीतला अध्याय सोडत असतात व्हय? पाप लागतं."

"पोथी न्हाय ती, कादंबरी हाय."

"तुमच्या बहिणीनं नारळ फोडलाय. आता ती पोथीच."

तात्यांनी फोन ठेवला. मी मनात म्हटलं, लेखक माणूस, आपलंच लिखाण चारचौघांत जायची लाज वाटत असेल. आणि खरं सांगायचं तर पाचवं वाचायला मीच उतावीळ झालो होतो. सकाळी गरम पाण्यानं गुळण्या करून गळा मोकळा केला, इथवर माझी मजल.

वाचलं. असं वाचलं की तसं मी आयुष्यात वाचलं नसेल. पोरगी जात्याच्या खुंट्याशी खेळतेय, आई मागं वळून बघते, पुन्हा पुढं बघते, आणि बैलाला चाबूक मारते. तरण्या बायका पदर डोळ्याला लावून रडत होत्या. मला मनात बरं वाटलं. मग ध्यानात आलं की म्हाताऱ्या रडत नाहीत. जुन्या गावच्या चारपाच म्हाताऱ्या आक्काकडं बघत होत्या. त्यांतली धोंडाबाई मोठ्यानं म्हणाली, "म्हंजी? ठमे, नजर चुकली न्हवती तुजी?"

मी पुस्तकातून डोकं वर काढलं. आक्का माझ्याकडं बघत होत्या. तोंडावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. मी वाचायचा थांबलो.

"थांबू नगंस," आक्का म्हणाल्या. "पोथी आर्धी ठिवत न्हाईत."

अजून नऊ पानं होती. कशी वाचली माझं मला माहीत. संपल्यावर कुणी जय म्हटलं नाही. अनिता मागच्या रांगेतून उठली, पुढं आली, आणि आक्कांच्या मांडीवरची झोपलेली छकुली उचलून घेऊन गेली. आक्कांचे हात मांडीवर जसे होते तसेच राहिले.

देवळाबाहेर मला एकेकानं सांगितलं. आक्कांना चौथी मुलगी होती. तिसरीवर मुलगी नको होती म्हणून तिचं नाव नकोशी. पाणी अडवलं त्या साली ती बुडून गेली, तीन वर्षांची. वरच्या तिघी लग्न होऊन गेल्या, सुयोग फार नंतरचा. तेव्हा आक्कांनी सगळ्यांना सांगितलं होतं की पोर माझ्याजवळ होती, माझी नजर चुकली. गावानं ते मानलं होतं, पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षं. आता गाव म्हणत होतं, "सख्ख्या भावानं लिवलंय. त्याला खरं म्हाईत आसणारच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं बारामती गाठली. तात्या मशीनला लावलेले, हातात सुया. मी मागचंपुढचं काही बघितलं नाही. सरळ विचारलं, "आक्कांनी मुद्दाम ठेवली होती पोर?"

तात्यांनी डोळे मिटले. "ताई न्हवतीच तितं. भरलेली गाडी घेऊन वर गेली व्हती. जातं जड, ते दुसऱ्या खेपंला न्यायचं. मला म्हणाली, पोर आन् जातं सांभाळ. सतरा वर्षाचा व्हतो मी. हातात पुस्तक व्हतं, शाळेच्या पेटीतलं. परत करायचं व्हतं म्हणून घाईनं वाचत बसलो. मान वर केली तर नुसतं जातं व्हतं."

मशीन घरघरत होती. मी म्हटलं, "मग पुस्तकात आईच्या अंगावर का घातलंत?"

"पयल्यांदा खरंच लिवलं. चार येळा लिवलं. वाचून बगितलं तर काय दम न्हाय. पोरगं वाचत बसलं आन् पोर बुडाली, कोण वाचंल? आईनं मुद्दाम ठिवली म्हटल्यावर पुस्तक उभं ऱ्हायलं." मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. "तूच म्हणायचास की, पाचवं एक नंबर."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. खरंच मीच म्हणायचो.

"ताईला वाचता येत न्हाय, ह्या भरवशावर लिवलं," ते म्हणाले. "मला काय ठाव ती पोथी लावंल."

मी रागानं म्हटलं, "आता पिच्चर राहू दे." त्यावर त्या माणसानं सुई टोचलेला हात उचलला, माझा हात धरला आणि रडायला लागला. "न्हाय रं जोतीराम. तेवढं होऊ दे. माजं किती दिस राह्यल्यात?" मला त्याची कीव आली आणि किळसही आली. दोन्ही एकदमच आलं, काय करू!

सहाव्या दिवशी देवळात दुप्पट गर्दी. पुस्तक ऐकायला कुणी आलं नव्हतं, आक्काला बघायला आले होते. सातव्या दिवशी आक्कांच्या दोन्ही बाजूला हातभर जागा रिकामी. तरी त्या आल्या, शेवटपर्यंत बसल्या, समाप्तीचा शिरा स्वतः वाटला. पुष्कळांनी घेतला नाही.

राजलक्ष्मी कागद घेऊन आली होती. मी तिला थांबवलं आणि आक्कांना मारुतीच्या मागं नेलं.

"आक्का, अंगठा देऊ नका. तात्यांनी मला खरं सांगितलंय."

"मला म्हाईत न्हाय व्हय खरं?" आक्का म्हणाल्या. "त्या वक्ताला आमच्या मालकांनी कुऱ्हाडच घेतली आसती. पोर तर गेली, आता भाऊबी घालवू? म्हणून म्हटलं माझ्याजवळ व्हती."

"मग आता तरी सांगा लोकांना!"

"आता? त्यो तितं सुया टोचून पडलाय, आन् मी हितं सांगत सुटू?"

"अनितानं पोर उचलली तुमच्या मांडीवरनं."

"बगितलं मी." मग म्हणाल्या, "झाकली मूठ हाय ती, जोतीराम. येवडी वर्सं झाकली, आता चार दिसांसाठी कशाला उघडू?" मला वाटलं बोलणं संपलं. पण त्यांचा आवाज फाटला. "पण त्यानं येकदा माझ्याकडं यायचं व्हतं. म्हणायचं व्हतं, ताई, आसं आसं लिवतोय. मी म्हटलं आसतं, लिव."

आणि मला गळ्याची शपथ घातली की तुझ्या तोंडून हे कुणाला सांगायचं नाही.

राजलक्ष्मीनं विचारलं, "आजी, तुम्हाला काही बदलून हवंय का?" आक्का म्हणाल्या, "पोरीचं नाव पुस्तकात दुसरंच हाय. तिचं नाव नकोशी. ते घाला." आणि शाईत अंगठा बुडवून कागदावर ठेवला.

तीन आठवड्यांनी तात्या गेले. उशाखाली त्या कागदाची झेरॉक्स होती. मी बहिणीची माफी मागितलीत का म्हणून दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा म्हणाले, "जातो, जरा बरं वाटू दे." आक्कांनी भावाचं सगळं केलं. सावडायला नरसिंहपूरला संगमावर गेलो तेव्हा त्या पाण्यात उतरल्या आणि पदरातून चार बारक्या बांगड्या काढून सोडल्या. दर वर्षी सोडतात म्हणे. वरच्या धरणाचं पाणी खाली तिथंच येतं.

पुढं दोन महिन्यांनी राजलक्ष्मीचा फोन. पैसे लावणारे मिळाले होते. आवाजात आनंद होता, पण चाचरत होती.

"काका, एक अडचण आहे. ते म्हणतात, आई इतकी निर्दय दाखवली तर बायका थेटरातून उठून जातील. त्यापेक्षा असं करू, की आई नसतेच तिथं. तिचा धाकटा भाऊ असतो, तो वाचण्यात गुंग असतो आणि विसरतो. आईबद्दल सहानुभूती राहील. चालेल का त्यांना, विचाराल?"

मी खुर्चीत बसलो. हसू आलं मला, मोठ्यानं. पोरगी बिचारी घाबरली, "काय झालं काका?" काय सांगू तिला? चार वेळा लिहून ज्यात दम नाही म्हणून माणसानं खरं टाकून दिलं, तेच पुण्याला कुणीतरी पंख्याखाली बसून पाच मिनिटांत रचलं होतं.

धावतच आक्काकडं गेलो. वाटलं, देवानंच दार उघडलं. मी शपथ मोडायची नाही, आक्कांनी काही बोलायचं नाही, आणि गाव आपोआप पडद्यावर खरं बघेल. अनिताही बघेल.

आक्का परड्यात एकट्याच शेंगा निवडत होत्या. सगळं ऐकून घेतलं.

"त्यास्नी कुणी सांगितलं? तू?"

"न्हाय आक्का, शपथेवर. त्यांच्या मनानंच काढलं."

"मग न्हाय काढायचा पिच्चर. माजा अंगठा माघारी आण."

"आवो आक्का! तात्यांचं नाव लागंल पडद्यावर. मरेपर्यंत तेच तर म्हणत होते. आणि तुमच्या डोक्यावरचं उतरंल."

"नाव लागंल, आन् त्याच्या खाली त्यानं काय केलं तेबी लागंल," आक्का म्हणाल्या. "आईनं ठिवली म्हणत व्हते तवर माजा अंगठा व्हता. भावानं इसरली म्हणायचं आसंल तर न्हाय."

मी भांडलो, हात जोडले, शेवटी ओरडलो सुद्धा. त्या शेंगा निवडत राहिल्या. राजलक्ष्मी भली मुलगी. काही न विचारता कागद परत पाठवला. त्याच संध्याकाळी मी वहीतलं पहिलं नाव खोडलं.

तोंडानं सांगायचं नाही अशी शपथ आहे, म्हणून मी सांगितलेलं नाही. लिहिलंय. ही वही कुणी उघडत नाही, पण अनिता आमची सभासद आहे. दर शनिवारी चार वाजता पुस्तक बदलायला येते, छकुलीला बरोबर घेऊन. आता पोर घरी आजीपाशी ठेवत नाही. ती यायच्या वेळेला मी वही हेच पान उघडून टेबलावर ठेवतो, आणि सहीचं रजिस्टर मुद्दाम त्या वहीखाली सरकवतो.

चार शनिवार झाले. अनिता वही बाजूला करते, सही करते आणि पोरीचा हात धरून जाते.